पाठराखिणीला थंडी बाधली

"फ्रिजमधी कोनं ठेवली माही नळी? कोनं?"

हा आवाज आमच्या प्रयोगशाळेतून निघाला, बोरगाव मेघेला वळसा घालून परत आला आणि वाटेतल्या तमाम म्हशींनी त्या दिवशी दूध चोरलं. ओरडणारी आमची संशोधक पोरगी, गिरडची. एरवी इतकी हळू बोलते की मुंगीलाही कान द्यावा लागतो. हातात प्रथिनाची शेवटची नळी, चार महिन्यांची मेहनत. ती गेली तर नवी बनवेपर्यंत प्रबंधाची मुदत टळणार होती.

समोर काचसामान धुणाऱ्या मावशी, पदर तोंडाशी. "लाइट गेली, एसी बंद, बाहेर आग पडून राह्यली. म्हटलं खराब होईन, फ्रिज अजून गार होता, म्हणून ठेवली वो बाई."

मी तिथला तंत्रज्ञ. मला अचानक तराजूचे स्क्रू घट्ट करायचं सुचलं. कारण मावशींना वर्षानुवर्षं मीच पढवलं होतं : प्रथिन म्हणजे दूध, बाहेर राहिलं की नासलं.

नेमकं हे प्रथिन त्यातलं नव्हे. पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, बहुतेक प्रथिनं बाहेरून येतात. दारातून शिरताना सुतासारखी उलगडलेली. आत नीट घडी पडली तरच कामाची. त्यासाठी आत एक पाठराखीण असते, नव्या नवरीसोबत सासरी जाते तशी; नळीत होती ती हीच. सात सारखे तुकडे गोल उभे राहून पोकळ पिंप करतात. नवखं प्रथिन आत जातं, वर झाकण बसतं, आणि गर्दीच्या धक्क्यांपासून दूर ते आपली घडी आपणच घालतं. मग झाकण उघडतं. पाठराखीण शिकवत काहीच नाही, फक्त आडोसा देते. खोड एकच : गारठा लागला की सातही जणी एकमेकींचा हात सोडतात.

"मंग आता?" पोरीकडून हे सगळं ऐकून मावशींनी विचारलं.

"तीस डिग्रीत, एटीपी, म्हंजे पेशीचं इंधन, टाकून, दीड तास ठेवलं तर जमतीनही परत," म्हणून पोरगी पुन्हा रडकुंडीला आली. मे महिन्यात, वर्ध्यात, तीस डिग्री! आमच्या भिंतीवरच्या थर्मामीटरचा पारा टोक फोडून छताला चुना लावत होता. आणि तापमान धरून ठेवणारी पाण्याची टाकी विजेवर चालणारी.

मावशींनी कोपऱ्यातला माठ ओढला. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ओतलं, पोरीनं एटीपी टाकलेली नळी त्यात उभी केली. मी थर्मामीटर धरून "एकतीस!" ओरडायचो, त्या लोटाभर थंड पाणी घालायच्या. दीड तास मांडी मोडली नाही. अधूनमधून नळीलाच सांगत, "जमा वो बायांनो, जमा. पाठराखणीले तं सासरी कोनी पानी बी नाई विचारत. मी विचारून राह्यली ना?"

संध्याकाळी लाइट आली. तपासलं तर सगळी नाही, पण कामापुरती रिंगणं जुळली होती. पोरगी मावशींच्या गळ्यात पडली. "माफ करजो मावशी, लय बोलली मी तुमाले." आणि नळी छातीशी धरून पळाली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी घसा खाकरला, तराजूचा एक स्क्रू उगाच पुन्हा पिळला.

"मावशी, थंडीत ठेवाचं तं तुमाले मीच सांगतलं होतं."

"मले मालूम हाय," मावशी म्हणाल्या. "सरका, पोछा माराचा हाय."