कूलरची फट

शाश्वतता हा विषय मी शिकवते, आणि तो आमच्या विभागाने शनिवारच्या शेवटच्या तासाला टाकला आहे. म्हणजे अर्धी पोरं पाठीला बॅगा लावूनच बसतात, कारण बडनेऱ्याहून गाडी धरायची असते. मलाही धरायची असते. मी अकोल्याची, अमरावतीला रोज ये-जा करते. पण गाडी सुटली तर सुटली, तास मी सोडत नाही. वस्तू टिकेल कशी, मोडली तर दुरुस्त कशी होईल, संपल्यावर तिचं काय होईल, हे प्रॉडक्ट डिझाइनच्या पोरांना सांगायचं कोणी मग? आमच्या विभागप्रमुखांच्या मते त्यासाठी भिंतीवरचं एक पोस्टर पुरे. 'पृथ्वी वाचवा' म्हणून. ते छापलंय प्लास्टिकच्या फ्लेक्सवर! मी काढून टाकलं, त्यांनी परत लावलं. ते अजून तिथेच आहे.

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या विभागाला माहीत आहे. या एप्रिलमध्ये मात्र जे झालं, त्यात मी रागावले नसते तर मलाच माझी लाज वाटली असती.

शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती, दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. तिकडचं पाणी पिताना तोंड वाकडं होतं, आणि पत्र्याला तर ते खाऊनच टाकतं. तिचा प्रोजेक्ट तिथूनच निघाला. आमच्याकडे घरोघरी लोखंडी कूलर. त्याचा सांगाडा, पंखा, मोटर, सगळं वर्षानुवर्षं चालतं, सडते ती खालची पाण्याची टाकी. टाकी अंगालाच जोडलेली, म्हणून टाकी गेली की अख्खा कूलर भंगारात. या पोरीने घरचाच जुना कूलर घेतला, खालचा भाग कापला आणि टाकी वेगळी केली, टेबलाच्या खणासारखी सरकून बाहेर येणारी. सडली तर तेवढीच बदला. बस! इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याचाच मला आधी राग आला होता.

प्रमुखांना त्यात काही दिसेना. बैठकीत म्हणाले, "मॅडम, अहो हा जुना कूलर आहे. यात नवीन उत्पादन कुठे आहे?"

"नवीन फट आहे, सर. टाकी आणि सांगाड्याच्या मधली. तेच डिझाइन आहे."

ते हसले. हसल्यावर माझं डोकं फिरलं. आवाज बाहेर कॉरिडॉरपर्यंत गेला असं नंतर कळलं. जाऊ दे, गेला तर गेला. शेवटी असं ठरलं की बाहेरून येणाऱ्या परीक्षकासमोर टाकी निघाली आणि परत बसली, तर प्रोजेक्ट मान्य. नाहीतर पोरीने पुढच्या वर्षी नवा करून आणायचा. पुढचं वर्ष म्हणजे पुन्हा खोलीचं भाडं, मेस, आणि घरी लग्नाची बोलणी सुरू. सरांना हे सांगून उपयोग नव्हता.

पोरीला मात्र काळजी नव्हती. "निघन ना मॅडम. एका हातानं निघते," ती म्हणाली. तिला घाई होती ती दुसऱ्याच गोष्टीची. घरात कूलर तेवढा एकच, आणि तो ती ऐन एप्रिलात उचलून कॉलेजात घेऊन आली होती. "आई म्हणते, परीक्षा झाली का लगेच वापस आण. झोप नाही येऊन राहिली कोनाले."

ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर प्रोजेक्ट मांडायच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये शिरले तर ऑइल पेंटचा वास. कूलर चंदेरी! वरपासून खालपर्यंत चकाचक. बाजूला आमचे शिपाई ब्रश पुसत उभे, चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू.

"पाहा ना मॅडम, कसा नवा दिसून राहिला!"

"कोणी सांगितलं हे?"

"मोठ्या सरनं. म्हणे संध्याकाळी प्रदर्शनाले पाहुणे येऊन राहिले, या भंगाराले जरा चांगलं कर. अन् खाली चारी बाजूनं फट होती जी. पाणी गळलं असतं ना! मंग पुट्टी-लांबी भरून बुजवून टाकली पुरी."

मी वाकून बोट फिरवलं, फट कुठेच लागली नाही. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? उन्हाळा लागायच्या आधी वऱ्हाडात दर घरी हेच चालतं. कूलर अंगणात काढायचा, गंज खरवडायचा, फटी बुजवायच्या, उरलासुरला जो रंग असेल तो मारायचा. माझ्या वडिलांनी जन्मभर केलं. कूलरला फट दिसली आणि माणूस ती तशीच सोडून पुढे गेला, असा माणूस आमच्याकडे नाही. शिपाईदादांनी जीव लावून काम केलं होतं, आणि त्यात पोरीचा अख्खा प्रोजेक्ट लांबीखाली गेला होता.

सरांच्या केबिनमध्ये मी दार न वाजवता गेले. ते परीक्षकांबरोबर चहा घेत होते.

"सर, टाकी निघाली पाहिजे ही तुमचीच अट. आणि तुम्हीच ती बुजवून टाकली?"

"मॅडम, हळू. मी मदतच केली. ज्युरीत फिनिशिंगलाही मार्क असतात."

"मग उद्या घ्या तिची ज्युरी. लांबी काढायला वेळ द्या."

"वेळापत्रक सगळ्यांना सारखं आहे," ते म्हणाले आणि परीक्षकांपुढे बिस्किटं सरकवली.

तिच्या आधी एका मुलाचा दिवा होता. 'पर्यावरणस्नेही बांबू दिवा.' मी हात लावून पाहिला. पीव्हीसीचा पाइप, त्याला बांबूचा रंग दिलेला, पेरं सुद्धा ब्रशने काढलेली. परीक्षक पुण्याचे, सभ्य गृहस्थ, ते म्हणाले फिनिशिंग फार सुरेख आहे. सरांनी मान डोलावली. मी दात आवळले, पुढचा नंबर माझ्या पोरीचा होता.

मग ती कूलरपाशी आली. टाकीची कडी धरून ओढली. टाकी हलली नाही. पुन्हा ओढली. तिची बोटं चंदेरी झाली, टाकी तिथेच. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

"हा रंग तिने दिलेला नाही," मी म्हटलं.

"मॅडम, विद्यार्थिनीला बोलू द्या," सर म्हणाले.

तिने मॉडेल करायच्या टेबलावरचा कटर उचलला आणि जमिनीवर बसून फटीच्या कडेने लांबी कापायला लागली. पातं मोडलं. दुसरं लावलं. कपाळावरचा घाम कोपराने पुसला, तसा तिथेही रंग लागला. मग दोन्ही पाय कूलरच्या स्टँडला टेकवले आणि मागे रेलून ओढ ओढ ओढली. टाकी किंचाळत बाहेर आली. लांबीचे ढेपळे पडले, ओल्या चंदेरी रंगासकट जुने पापुद्रे हातभर सोलून निघाले, आणि त्याखाली हिरवा दिसला, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली लाल.

परीक्षक पहिल्यांदा खुर्चीवरून उठले. "हे एवढे रंग कसले?"

"दरसाल जो भेटला तो मारला, सर," ती धापा टाकत म्हणाली. "सांगाडा तोच हाये. टाकीच तेवढी सडली."

तिने टाकी परत आत ढकलली. बसली. मी टाळी वाजवली, एकटीनेच, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

प्रोजेक्ट मान्य झाला. पण संध्याकाळच्या आधी मार्क लागले ते वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. बांबू दिव्याला पहिला नंबर. आणि कूलरसमोर शेरा, फिनिशिंग असमाधानकारक, रंग ठिकठिकाणी निघालेला. निघालेला! ज्यांनी तो फासायला लावला, त्यांनीच त्याचे मार्क कापले होते. मी केबिनकडे निघाले, तर वाटेत शिपाईदादा रंगाचा डबा घेऊन येताना दिसले.

"सर म्हणे पाहुण्याच्या आधी अजून एक हात मारून दे."

"डबा खाली ठेवा दादा. आणि मालाची ऑटो बोलवा."

पोरगी घाबरली. "मॅडम, सर वरडतीन ना."

"ओरडू दे. तुला कूलर घरी पाहिजे का नाही?"

तिने एकदा हॉलकडे पाहिलं. मग म्हणाली, "पायजे." कूलरची एक बाजू आम्ही दोघींनी धरली, दुसरी शिपाईदादांनी. "थांबा, वल्ला रंग लागन साडीले," असं ते मलाच दटावत होते. ऑटोत बसायच्या आधी ती धावत आत गेली आणि आपल्या प्रोजेक्टचं कार्ड उलटं करून त्यावर मार्करने काहीतरी लिहून आली.

संध्याकाळी पाहुणे आले, मानेवरून रुमाल फिरवत. हॉलमधले पंखे गरम हवाच ढवळत होते. दिव्याचं कौतुक झालं, फोटो झाले. पुढच्या, कूलरच्या जागेवर फक्त कार्ड होतं. मुख्य पाहुण्यांनी ते मोठ्याने वाचलं, "कूलर घरी नेला आहे. घरी सगळे उकडून राहिले."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तयारच होते, सकाळपासून साठलेलं सगळं ओठांवर होतं.

"बरोबर आहे," पाहुणे म्हणाले. "वापरायची वस्तू आहे, वापरलीच पाहिजे. इथे ठेवून काय करायची?"

आणि सर पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "आमच्या विभागाची हीच तर संकल्पना आहे, साहेब."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. पोरगी तेव्हा दर्यापूरच्या रस्त्याला कुठेतरी असेल, कूलर धरून. तिच्या मार्कांमध्ये फिनिशिंगसमोर अजून तोच आकडा आहे, आणि तो बदलेपर्यंत मी दर सोमवारी सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडणार आहे.