उघड्या दाराचं नेटवर्क

"गेला मॅडम, परत कट झाला," हेडफोन गळ्यात टाकत सुषमा म्हणाली. मी नेटवर्क कंपनीची इंजिनीअर, तिच्या शेजारीच उभी होते. तिचा कस्टमर माझ्या डोळ्यांदेखत गेला.

नायगावच्या चाळीतली ही गोष्ट. सुषमा एका कंपनीचे कस्टमर कॉल घरून घेते, कारण वडील अंथरुणाला खिळलेत. सोमवारपर्यंत कॉल सुधारले नाहीत तर रोज ऑफिसला यावं लागेल, असं तिला बजावलं होतं. मग बाबांना घोटभर पाणी कोण देणार?

गॅलरीसमोरच्या उंच इमारतीच्या गच्चीवर आमचा मोठा सेल, म्हणजे सिग्नल देणारा अँटेना आहे, त्याला आम्ही मॅक्रो म्हणतो. मागच्या गल्लीतल्या खांबावर एक छोटा डबा, म्हणजे स्मॉल सेल. तो खास या खोल्यांसाठी बसवलेला. दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. मोठ्या आवाजाचा माणूस शेजारी बोलत असेल, तर हळू बोलणाऱ्याचं कुणाला ऐकू येणार? यालाच इंटरफेरन्स म्हणतात.

पण डबा बसवताना इथे सिग्नल मोजायचा सर्व्हे केला, त्यात तर सगळं छान आलं होतं! मी सहज सुषमाचं पत्रा ठोकलेलं दार लावून पाहिलं. पत्र्याने मॅक्रोचा आवाज दबला, कॉल एकदम स्वच्छ.

"झालं की! दार लावून काम कर."

ती हसली. "थांबा जरा, मॅडम."

लगेच दार वाजलं. शेजारच्या शेवंतामावशी, मागे आणखी दोघी. "काय गं, दार का लावलंस? बाबा बरे आहेत ना?"

चाळीत दिवसाढवळ्या दार लागलं की लोक चौकशीला धावत येतात. कॉटवरून बाबाही म्हणाले, "पोरी, गॅलरी दिसू दे गं. येणारे-जाणारे दोन शब्द बोलतात, तेवढाच टाइमपास."

"मग सर्व्हेत सिग्नल छान आला, म्हणजे त्या दिवशी दारं बंद असणार. ती कशी?" मी विचारलं.

"तुमची माणसं मोजायला आलेली ना," मावशी म्हणाल्या. "कामात मधे मधे नको, म्हणून सगळ्यांनी लावून घेतली."

इतकी गोड माणसं, आणि त्यांच्या गोडव्यात माझं अख्खं प्लॅनिंग पाण्यात!

मी तिथूनच आमच्या मॅनेजरना, देसाईसाहेबांना, फोन लावून सगळं सांगितलं. "सर, मॅक्रोला मधूनमधून गप्प बसवायचंय." तशी सोय असते. मोठा सेल पापणी लवायच्या आत थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, तेवढ्यात छोटा आपलं बोलून घेतो.

"त्या बिल्डिंगवाल्यांनी बोंब मारली तर?"

"त्यांना कळणारसुद्धा नाही. इथे मात्र एका पोरीचं घर विस्कटेल."

"तिला दार लावून बसायला सांग ना."

"सर, तुम्ही या आणि मावशींना सांगा."

साहेब भोईवाड्याच्या चाळीत वाढलेले. हसून म्हणाले, "नको बाई. कर तू सेटिंग. तक्रार आली तर मात्र परत घ्यायचं."

तक्रार काही आली नाही. सोमवारी न राहवून मी सुषमाला फोन केला. तिने कापला. मागोमाग मेसेज आला, 'कॉलवर आहे मॅडम.' कुणी फोन कापल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

हल्ली सर्व्हेला गेले की मी आधी सगळ्यांना दारं उघडायला सांगते. घरोघरी चहा घ्यावा लागतो, पण रीडिंग खरं येतं.