खाकी पिशवी

"बंद पडलंय, मेलेलं नाही!" असं म्हणून पदर खोचणाऱ्या आमच्या समोरच्या वहिनी तुम्ही पाहिल्या असत्या, तर त्यांच्या वाटेला गेला नसता.

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिक-सिन्नर रस्त्यालगत एका कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, अगदी धुराड्याखाली. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी करडी व्हायची. वहिनींना दमा. केरसुणी फिरवली की राख उडायची आणि त्या चौकट धरून खाली बसायच्या. शेवटी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून त्यांनी व्हॅक्यूम क्लीनर घेतला. "दोन खोल्यांना यंत्र!" म्हणून कॉलनी हसली.

एक दिवस ते नुसतंच घरघरू लागलं, कचरा ओढेना. दुरुस्तीवाला आला आणि न उघडताच म्हणाला, "मॅडम, हे घरातल्या धुळीसाठी असतं, राखेसाठी नाय. नवीन घ्या."

"राख माझ्या घरातच आहे ना? मग ती घरातलीच धूळ," वहिनी म्हणाल्या आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग व्हरांड्यात पेपर पसरून त्या बसल्या. नळीत गोटी सोडली, ती सुळकन बाहेर आली. म्हणजे नळी मोकळी. आतली कापडी पिशवी काढून क्षणभर मशीन चालवलं, तर त्यानं पेपरच ओढून धरला.

"सापडला चोर!"

राखेनं पिशवीचं कापड बुजलं होतं आणि धुऊनही सुटेना. जुन्या विरलेल्या साडीची पिशवी शिवली, बटण दाबलं आणि सगळी राख मागून त्यांच्याच तोंडावर! त्यांचा खोकला थांबेना. मी घाबरून पाणी घेऊन धावले.

"वहिनी, आता पुरे."

"आधी त्या धुराड्याला सांग पुरे म्हणून!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याची विटलेली खाकी पँट कापायला घेतली.

"अगं, कारखान्याचा युनिफॉर्म आहे तो!" भाऊजी ओरडले.

"मग बरंच की. राख त्यांची, कापडही त्यांचंच."

त्या जाड कापडातून राख बाहेर येईना; ती पिशवी टिकली. पुढं दर जुन्या पँटीची एक पिशवी होत गेली, आणि वहिनी चौकट धरून बसलेल्या मला क्वचितच दिसल्या.

भाऊजी रिटायर झाले. सामान ट्रकमध्ये चढलं, तरी वहिनींनी रिकाम्या घरातून एकदा मशीन फिरवलं. भरलेली पिशवी उचलून त्या तडक कारखान्याच्या ऑफिसात गेल्या, मी मागोमाग. त्यांनी ती साहेबांच्या टेबलावरच्या काचेवर उलटी केली.

"तुमची आहे. आमच्या सामानात चालली होती."

साहेब खुर्ची मागं सरकवून उठले. मला मात्र त्या क्षणी वहिनींचा फार अभिमान वाटला.

रिकामी पिशवी त्यांनी तिथंच झटकली आणि घडी करून कमरेला खोचली. मशीन अजून चालत होतं ना!