सरकारी बैलाचा सौदा

हिंगणघाटहून वर्ध्याच्या बसमध्ये बसलो तेव्हाच माझं भाषण तयार होतं. आमच्या भाजीबाजारासाठी छप्पर मागून मागून आम्ही थकलो, ते मिळालं नाही. आणि वर्ध्याजवळच्या माळावर सरकारने 'जुनं गाव' उभं केलं. तिथे पगारी माणसं जुन्या काळासारखं जगून दाखवतात. त्या गावाला पुढेही पैसे द्यावेत का, यावर सरकारला मत कळवायला दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांची सभा होती आणि मी 'नको' म्हणणार होतो. शिव्या नेमक्या बसाव्यात, म्हणून एकदा बघून यायचं होतं.

सिंदी मेघेवरून ऑटोने पोचलो. डोक्यावर टोपली घेऊन वांगी विकता विकता मी अडत्या (शेतमालाचा दलाल) झालोय. छापील भावाने काही घेणं मला जमत नाही. तिकीट देणारी मुलगी म्हणाली, "काका, घासाघीस आत बाजारात करा."

आत कुंभार मडक्यात मोबाईल लपवत होता. मला आनंद झाला. भाषणाला मुद्दा मिळाला. झुणका-भाकर मात्र इतकी चांगली होती, की मी रागानेच दुसरी भाकर मागितली.

पलीकडे बैलबाजार होता. किसनाजी नावाचा म्हातारा पांढरा बैल घेऊन उभा होता. रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा, तोंडातून अक्षर काढायचं नाही, ही आमची जुनी रीत तो शहरी पाहुण्यांना दाखवत होता.

"असा खोटाखोटा सौदा होते का कुठं?" मी म्हणालो.

"मंग घाल ना हात. काऊन लांबून बोलून राह्यला?"

मी हात घातला. त्याने भाव धरला, मी त्याचं बोट दुमडलं, त्याने ते पुन्हा उघडलं. मी चेहरा कोरा ठेवला. त्याचा माझ्याहून कोरा. दोघांनाही घाम फुटला. शेवटी मी त्याची करंगळी दाबली, त्याने दाबू दिली आणि सवयीने दावं (बैलाची दोरी) माझ्या हातात दिलं. दावं हातात आलं की सौदा पक्का. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी बैल घेऊन फाटकाकडे निघालो.

व्यवस्थापक धावत आला. "अहो, हा देखावा आहे. बैल सरकारी आहे."

"सौदा झाला," मी म्हणालो.

"किसनाजी, दावं परत मागा."

"साहेब, देल्लेलं दावं म्या जन्मात परत मांगतलं नाई."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या."

साहेब माझ्याकडे बघत होता, मी बैलाकडे, बैल फाटकाकडे. सौदा सोडणाऱ्याला आमच्यात कुणी विचारत नाही. पण म्हाताऱ्याची नोकरी चालली होती आणि तो मला एका शब्दाने विनवत नव्हता. मी दावं त्याच्या हातात दिलं.

"घ्या. चालीत खोट हाये याच्या."

"बैलात खोट नाई. तसं बोलू नको."

त्यावरून आमची पुन्हा जुंपली.

परतीच्या बसमध्ये भाषण काही जुळेना. नाटकासाठी पगार घेणारा माणूस नाटक करायचंच विसरला होता. त्याचा पगार म्हणजे उधळपट्टी, हे माझ्या तोंडून निघेना.

सभेत उठलो आणि म्हणालो, "द्या त्यायले पैसे. छपरासाठी मी वेगळा भांडतो."

"काऊन भाऊ, काय चारलं तुले तिथं?" मागून कुणीतरी विचारलं.

"काई नाई. दावं हातात आलतं. परत देऊन आलो."

कोणी हसलं नाही. सभा व्यापाऱ्यांची होती.