शैलाताईंचा दुसरा कप

बाबांना ऑपरेशनसाठी आत नेलं आणि माझे पाय एका जागी ठरेनात. तिसऱ्यांदा मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर आले. तिथे टेम्पोची एक बाजू उघडून शैलाताई कॉफी विकतात. मी कप हातात घेऊन येरझाऱ्या घालायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "अहो, हा दुसरा कप दवाखान्याच्या दारापाशी बाकावर बसलेल्या बाईंना नेऊन द्याल? सकाळपासून एकट्याच बसल्यात."

मी नेऊन दिला. त्या बाईंचा मुलगाही ऑपरेशनसाठी आत होता. "बसा ना," त्या म्हणाल्या. मी बसले, मन मात्र बसेना. वाट ज्याची त्यालाच बघावी लागते, हे खरं. पण शेजारी कुणी तशीच घालमेल घेऊन बसलेलं असलं, की निदान श्वास पुरता घेता येतो.

तेवढ्यात आतून बाबांचं नाव पुकारलं. मी उठले, पण पाऊल उचलेना.

"चला, मी येते," म्हणत त्या बाई उठल्या.

बाबा सुखरूप होते. त्यांना डोळे भरून पाहिलं आणि मी पुन्हा त्या बाईंबरोबर बाकावर येऊन बसले. त्यांच्या मुलाचं नाव अजून यायचं होतं.