मोटरवाला मामा

आमच्याकडे लग्नात नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. नुसतं हाताला धरून नाही, चांगलं उचलून. आतल्या खोलीतून निघालेली नवरी बोहल्यावरच उतरायची, मध्ये तिचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. आता पूर्वीच्या नवऱ्या काय, चवळीच्या शेंगा! माझी भाची भाताचे भारे डोक्यावरून आणणारी, चांगली उंचीपुरी, हाडापेराने मजबूत. आणि मामा म्हणजे मी. घोलवडचा रोपवाटिकावाला, वय सत्तावन्न, पोट माझ्या पुढे चालतं आणि गुडघे मागे राहतात.

केळवणाला धाकटी बहीण भाचीला घेऊन आमच्याकडे आली. पंगतीत, सगळ्यांसमोर, श्रीखंड वाढून घेता घेता म्हणाली, "दादा, तू पिवळी साडी तेवढी घेऊन ये. उचलायचं आम्ही व्हॅनवाल्या मामांना सांगितलंय."

व्हॅनवाले मामा म्हणजे तिच्या गावात शाळेची व्हॅन चालवणारा माणूस. तिने मानलेला भाऊ, दरवर्षी राखी बांधते त्याला. माणूस भला आहे, मी नाही म्हणत नाही. भाताची गोण एका खांद्यावर घेऊन दुसऱ्या हाताने फोनवर बोलत चालतो. पण म्हणून काय झालं? सख्खा मामा जिवंत असताना, श्रीखंड खात समोर बसलेला असताना, मान दुसऱ्याला? माझ्या डोक्याची शीर तडतडली.

"उचलणार तर मीच," मी म्हणालो.

"तुला चिकूचं क्रेट उचलवत नाही, दादा."

"क्रेट वेगळं, भाची वेगळी."

"क्रेट हलकं असतं, मामा," भाची म्हणाली आणि खो खो हसायला लागली.

बहीण मात्र हसली नाही. तिचं घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगरावर. गाड्या ओढ्यापाशी थांबतात. तिथून वर घरापर्यंत खडा चढ, दगडगोट्यांची वाट. वास्तुशांतीला मी तो चढून गेलो होतो आणि नंतर पूजा संपेपर्यंत अंगणात बाजेवर पडून होतो. लोकांना वाटलं, नव्या घरात पहिलाच माणूस जातो की काय. "तसल्या धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात मी पोरगी देणार नाही," बहीण म्हणाली. "पाडशील. धाप न लागता वर आलास तर उचल. नाहीतर व्हॅनवाले मामा आहेतच."

झालं! सगळ्या पंगतीसमोर अट ठरली. श्रीखंड मी तसंच टाकलं. म्हणजे दुसऱ्यांदा घेतलेलं.

त्या रात्रीपासून मी एकच विचार करत होतो. गुडघे लागणार भाचीला उचलायला. मग ते चढावर कशाला झिजवायचे? चढायला दुसऱ्या कुणाचे तरी पाय पाहिजेत. आणि सकाळी पॅकिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली मला ते पाय सापडले. पुतण्याची इलेक्ट्रिक सायकल! डोंगरात चालवायची, जाड टायरची, पायडलच्या मधोमध मोटर बसवलेली. तो नोकरीला परदेशी गेला तेव्हा आमच्याकडे ठेवून गेला होता. जाताना त्याने मला सगळं समजावलं होतं, मी सगळ्याला हो हो म्हटलं होतं.

फोन केला तर त्याने परत सांगितलं. "काका, ती स्कूटर नाही. तुम्ही पायडल माराल तरच मोटर चालेल, आणि तुम्ही जोर लावाल त्या मापाने ती जोर लावेल. चढावर गिअर हलका ठेवा. पाय भराभर फिरले पाहिजेत. पाय हळू फिरले की मोटर तापते."

मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, हा कालचा पोर मला शिकवतोय! चढाला ताकद लागते, ताकदीला गिअर जडच पाहिजे. साधी गोष्ट आहे.

एकच खोट होती गाडीत. मागे कॅरिअर नाही. ज्या गाडीवर चिकूचं क्रेट बसत नाही, तिला घोलवडात कुणी गाडी म्हणत नाही. मी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचं दणकट कॅरिअर करून घेतलं. त्यानेही सायकलकडे बघून एकदा विचारलं, "काका, नक्की?" मी म्हटलं, नक्की.

सरावाचं म्हणाल, तर आमच्या किनारपट्टीला चढ आणायचा कुठून? सगळा पोळपाट. शेवटी डहाणूला जाऊन रेल्वेवरच्या पुलावर सराव केला. टर्बोवर, म्हणजे मोटरच्या सगळ्यात जास्त जोरावर, टाकली की काय पळते, अहाहा! रिक्षावाले बघत राहिले. पाच-सहा वेळा पूल चढलो-उतरलो, धाप नाही, काही नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, "डोंगर जिंकला."

"पूल जिंकलात," ती म्हणाली. "डोंगराला अजून कळवलेलं नाही."

लग्नाच्या आदल्या दिवशी बायको टेम्पोने पुढे गेली. साडी मात्र तिच्याबरोबर देता येत नव्हती, ती मामाने स्वतःच्या हाताने न्यायची असते आणि ती नेसूनच नवरी बाहेर येते. हळदीच्या रंगाची, लाल काठाची, मी स्वतः निवडलेली. ती मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅरिअरला अडकवली. आता नुसती साडी घेऊन जायचं? घोलवडचा माणूस बहिणीच्या दारात चिकूशिवाय गेला, तर लोक म्हणतील बागा विकल्या वाटतं. म्हणून क्रेट भरलं. आणि तिथे माझी मती फिरली. बाहेर पाठवायचे चिकू आम्ही नेहमी कडक भरतो, ते पोचेपर्यंत पिकतात. पण मी म्हटलं, लग्नघर आहे, पाहुण्यांनी लगेच खावेत. अगदी पिकलेले, मऊ मऊ, निवडून भरले.

लग्नादिवशी सकाळी तलासरीपर्यंतचा रस्ता मी टर्बोवर मारला. वाऱ्यावर शर्ट फडफडतोय, पुतण्याचं हेल्मेट डोक्यावर, मी आपला राजा. हायवेच्या नाक्यावर चहाला थांबलो तर टपरीवाला म्हणाला, "काका, आ चार्जिंगवाळी छे?" मी म्हटलं, "हा भाई, डुंगर चढे छे." चार माणसं जमली. त्यांना मोटर दाखवली, स्क्रीन दाखवली, स्क्रीनवरची बॅटरी तेवढी मी बघितली नाही. ती निम्म्याच्या खाली आली होती.

ओढ्यापाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलेलं. व्हॅनवाल्या मामांची व्हॅन तिथे उभी होती. तिच्याकडे बघून मी नाक उडवलं, टर्बो लावला, गिअर सगळ्यात जड केला आणि चढाला तोंड लावलं.

मोटर घुंऽऽ करून कण्हली. पाय फिरेनात. मी उभा राहून सगळ्या वजनानिशी पायडल दाबलं. मी जोर लावला, तिने माझ्या मापाने लावला, आणि माझं माप मोठं आहे. त्यात मागे चिकू. पुढचं चाक सरळ आभाळाकडे गेलं! सायकल मागच्या चाकावर उभी, मी हँडलला लटकलेला, आणि पुढच्या क्षणी आम्ही तिघं, मी, सायकल आणि क्रेट, करवंदाच्या जाळीत.

काटे काढत बसलो तेव्हा पुतण्याचं बोलणं आठवलं. हलका गिअर. बरं बाबा, हलका तर हलका. गाडी उभी केली, सीटच्या अगदी टोकावर सरकलो, छाती हँडलवर टेकवली, गिअर सगळ्यात हलका केला आणि पाय भराभरा फिरवले. आणि काय सांगू! ती चढली. पुलावर चढायची तशी नाही, शांतपणे, न कुरकुरता, दगडांवरून तुरुतुरु. मी नुसते पाय हलवतोय आणि मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय. धाप नाही. मला गाणं सुचायला लागलं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. आता बघू म्हटलं व्हॅनवाल्याला!

दुसऱ्या वळणाच्या थोडं पुढे वाटेच्या मधोमध एक बकरी बसली होती.

घंटी वाजवली. बकरी बघत राहिली. मी थांबलो, आणि थांबलो तिथेच बुडालो. कारण खड्या चढावर ही सायकल परत सुरू करणं म्हणजे दिव्य. पायडल दाबलं की मागचं चाक खडीत गरगर फिरतं, सोडलं की गाडी मागे येते. दाब, गरगर, मागे. दाब, गरगर, मागे. बकरी कंटाळून उठून गेली. मोटरला हात लावला तर तवा. स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह लुकलुकायला लागलं आणि जोर निम्मा झाला. मग बॅटरीही लाल झाली. आणि मग ती मोटर गप्प बसली.

मेलेल्या मोटरची सायकल ढकलून बघा कधी. साधी सायकल परवडली. शिव्या देत देत मी ती वर रेटत होतो, गुडघे कुरकुरत होते, आणि मानेवर घामाबरोबर काहीतरी चिकट आलं. वळून बघतो तर क्रेटमधून चिकूचा लगदा गळतोय! काही पडताना माझ्या मानेवर उडालेला, बाकीचा पिशवीवर. पिशवी करवंदीच्या काट्यांनी फाटलेली.

साडी! ओढून बाहेर काढली. देवाची कृपा, अजून कोरी होती. पण आता ठेवायची कुठे? पिशवी बरबटलेली, क्रेट बरबटलेलं, शर्ट घामाने चिंब, आणि दोन्ही हात हँडलला पाहिजेत. कोरडी जागा एकच होती, हेल्मेट. हात चड्डीला पुसले, साडीचं एक टोक दातांत धरलं आणि अख्खी साडी हेल्मेटवर गुंडाळली. फेटा असा झाला की मान हलेना.

तसाच ढकलत तिसऱ्या वळणावर आलो. तिथे नवरदेवाच्या स्वागताला बँजोपार्टी उभी होती. त्यांना काय दिसलं? डोक्यावर भलामोठा पिवळा फेटा, तोंड लाल, हातात गाडी. कुणीतरी ओरडलं, "आला रे आला!" आणि धडाड धूम! मी हात हलवून नाही नाही म्हणतोय, त्यांना वाटतंय नवरदेव नाचतोय. चार-पाच जणांनी मला उचलून सीटवर बसवलं, दोघांनी मागून धरलं, आणि वाजतगाजत मला थेट बहिणीच्या दारात नेऊन उभं केलं.

बहीण आरतीचं ताट घेऊन आली. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकलं आणि थांबलं.

"दादा?"

मी मान डोलावली. तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर आतली सगळी धाप बाहेर आली असती.

"धाप लागली?"

"उंहूं," मी नाकाने म्हणालो.

"बोलून दाखव."

मी डोक्याकडे बोट दाखवलं. तिने फेट्याकडे पाहिलं, साडी ओळखली, आणि कपाळावर हात मारून घेतला. मागे माझी बायको भिंतीला टेकून हसत होती, तिला बसायला पाट द्यावा लागला. बायकांनी मला स्टुलावर बसवून साडी उलगडली. एक डाग नाही! ती आत गेली, मी मागच्या दारी जाऊन भरपूर धापा टाकल्या, अंगावरचा लगदा धुतला, बायकोने आणलेलं धोतर नेसलो आणि परत आलो.

खोलीच्या दाराशी व्हॅनवाले मामा बाह्या दुमडून तयार. माणूस भला आहे हो. मला बघून म्हणाले, "पहिला मान तुमचा. नाही जमलं तर मी आहे." नाही जमलं तर! मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कारण मला माहीत होतं, नाहीच जमणार. गुडघे चढावरच संपले होते. इतका खटाटोप करून भाचीला दुसऱ्याच्या हातात जाताना बघायचं.

आतून भाची आली. पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधलेली. काय दिसत होती पोर! "मामाच उचलणार," ती आईला म्हणाली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले.

मी तिच्या कमरेला मिठी घातली, देवाचं नाव घेतलं आणि गुडघ्यांना जोर दिला. दोन्ही गुडघे असे कडकडले की भटजींनी पोथीतून वर पाहिलं. भाची जागची हलली नाही. परत जोर दिला. नाही. लोक बघतायत, बँजो थांबलाय, व्हॅनवाल्यांनी एक पाऊल पुढे टाकलंय.

"मामा," ती कानात म्हणाली, "नुसतं घट्ट धरून ठेव. चालतेय मी."

आणि ती निघाली. गुडघे वाकवून, साडीच्या आतून, चवड्यांवर. वरून दिसायला मी तिला छातीशी धरून नेतोय, खालून तीच मला नेतेय. लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी म्हणालं, "दम आहे हो मामांत!"

"फुगू नकोस," ती कुजबुजली, "उंबरा आलाय, पाय उचल."

मी उचलला. तिनेही उचलला, आणि निऱ्या वर सरकून तिची मेंदी लावलेली दोन्ही पावलं उघडी पडली. समोर माझी बहीण उभी होती. तिने खाली पाहिलं. मी डोळे मिटले.

ती वाकली. "साडी अडकेल गं," म्हणत तिने निऱ्या नीट करून पार जमिनीपर्यंत पसरल्या, आणि उठून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडली, "सरका बाजूला, माझा भाऊ पोरगी घेऊन येतोय!"