सासऱ्यांचा हौद

माझे सासरे बिलोलीला वकील होते. कोर्टात ते उर्दूत वाद घालत आणि घरी मराठीत. एकदा कामानिमित्त हैदराबादेला गेले, तिथे कुणा बड्या अंमलदाराच्या बंगल्यात त्यांनी कारंजं पाहिलं आणि परत आल्या आल्या अंगणात हौद बांधून घेतला. कारंजं कधी उडालं नाही. हौद मात्र बारा महिने भरलेला, वर हिरवं शेवाळ. संध्याकाळी ते पक्षकारांना हौदाच्या काठी बसवत, आणि पक्षकार पाय खाजवत हौदाची तारीफ करत.

आश्विनात निम्मं गाव थंडीतापानं कुडकुडे. हा ताप काकडी खाल्ल्यानं येतो, असा सासऱ्यांचा निवाडा होता. आमच्या घरात काकडी बंद झाली. ताप चालूच राहिला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो मला आला. मला सातवा महिना होता. दिवसाआड दुपारी हुडहुडी भरे, तीन वाकळा घातल्या तरी दात वाजत, मग अंग भाजून निघे, मग घामानं अंथरूण ओलं. सरकारी दवाखान्यात हिवतापावरचं कोयनेल मिळत होतं. पण कोयनेल उष्ण, ते पोटातल्या लेकराला बाधतं, असं सासऱ्यांनी ठरवलं आणि मला गुळवेलीचा काढा सुरू केला. नवरा देगलूरला तहसील कचेरीत नोकरीला होता. वडील सांगतील तसं करावं, असं त्याचं पत्र आलं. अक्षर फार सुरेख होतं त्याचं.

तापाच्या चौथ्या पाळीनंतरचं मला आठवत नाही, सासूबाईंनी पुढे सांगितलं. डोळे पिवळे झाले, लघवी काळपट झाली, मी माहेरच्या माणसांशी बोलू लागले, आणि ती माणसं खोलीत नव्हती. मग दातखीळ बसली, हातपाय झटके देऊ लागले. कायदा कोळून प्यायलेल्या सासऱ्यांनी बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवायला बाई बोलावली.

नेमकी त्याच दिवशी बांगड्या भरणारी चाची आली होती. तिची थोरली लेक अशाच झटक्यांनी गेली होती. ती माझ्या उशाशी बसली, पापणी उघडून पाहिली आणि ओसरीवर जाऊन सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"वकीलसाब, भूत न्हाई, बुखार हाय. डोक्यात चढला. डागदरला बोलवा, न्हाई तर पोरीची मातीच करावी लागंल."

सासरे विचार करतो म्हणाले. चाची थांबली नाही, बांगड्यांची पेटी तिथेच टाकून दवाखान्यात गेली.

डॉक्टर आला, त्यानं कोयनेलची सुई दिली. जाताना हौद पाहिला. डास इथेच वाढतात, हौद बुजवा, नाहीतर दर आठवड्याला वर घासलेट ओता, असं त्यानं सांगितलं. सासऱ्यांनी हे लेखी मागितलं.

"लेखी मी मृत्यूचा दाखला देतो," डॉक्टर म्हणाला. "चालेल?"

तिसऱ्या दिवशी मी शुद्धीवर आले. पाचव्या दिवशी मुलगा झाला, मेलेला. सासऱ्यांनी गावभर सांगितलं की सून गुळवेलीनं वाचली आणि नातू कोयनेलनं गेला. पक्षकारांनी मान डोलावली.

माझे केस मूठमूठ गळत होते, जिना चढताना धाप लागे, आणि औषधानं कानांत सारखी शिट्टी वाजे. अशाच एका दुपारी सासूबाई घासलेटचा डबा घेऊन माझ्याजवळ आल्या. खाली बसल्या आणि सावकाश, मला ओठ दिसतील असं बोलल्या. त्यांची तीन लेकरं आश्विनातच गेली होती. तिघांनाही असेच झटके आले होते. हे त्या घरात मी पहिल्यांदा ऐकत होते.

"किती ओतायचं असंल?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघींनी मिळून ओतलं. पाण्यावर रंगीत तवंग पसरत गेला.

सासरे कोर्टातून आले, त्यांना वास आला. त्यांचं तोंड बराच वेळ हलत होतं. कानांतल्या शिट्टीमुळे मला त्यातलं काही ऐकू आलं नाही, त्याबद्दल मी कोयनेलची आभारी आहे. सासूबाई डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे झाल्या. त्यांचे ओठ मात्र मला दिसत होते.

"मी ओतलं," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला ओतणार हाय."

सासऱ्यांनी पगडी खुंटीला लावली आणि चहा मागितला.